पाणी नाही तिथं नाटक कशाला?

माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातले. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा परतीच्या आधी त्यांना लिंबची विहीर दाखवायला नेलं. महामार्ग सोडून आत वळलं की थोड्याच वेळात लिंब लागतं. तिथली बारा मोटांची विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. नाव बारा मोटांचं, पण एका वेळी पंधरा मोटा चालतील अशी सोय आहे. आमराईला पाणी पाजणं हे तिचं काम. पण पायऱ्या उतरून आत गेलं की थंडगार दालन लागतं, दगडी खांब लागतात आणि त्या खांबांवर निगुतीनं केलेलं कोरीवकाम दिसतं.

मामांनी एका खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "मोट हाणायला एवढं कोरीवकाम कशाला लागतंय रं?"

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी तोच धागा पुढं ओढला. "आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसायचं. आन् तुमी सांगलीत नाट्यगृहाला निधी पायजे म्हणून अर्ज देताय. पाणी न्हाय तिथं नाटक कशाला?"

मी एका हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना करतो आणि असा अर्ज मी खरंच दिला होता. त्या दिवशी मामांना धड उत्तर देता आलं नाही. पुढं बरंच वाचलं, लोकांशी बोललो, तेव्हा लक्षात आलं की मामांच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेत. ते सुटे करून पाहिले तर बरंचसं मोकळं होतं.

आधी पैशाचा अंदाज घेऊ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा आकडा सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये. त्यात संस्कृती मंत्रालयाला मिळाले सुमारे ३,३६० कोटी. म्हणजे केंद्र सरकारनं शंभर रुपये खर्च करायचे ठरवले, तर त्यातले साडेसहा पैसे संस्कृतीचे. माणशी हिशेब केला तर वर्षाला चोवीस रुपयांच्या आसपास. आणि या चोवीस रुपयांत नुसती नाटकं आणि गाणी नाहीत. पुरातत्त्व खातं, किल्ले आणि लेण्यांची देखभाल, संग्रहालयं, ग्रंथालयं, अकादम्या, सगळं यातच. राज्यांचं आणि महापालिकांचं अंदाजपत्रक वेगळं, पण तिथंही संस्कृतीचं पान पातळच असतं.

रक्कम छोटी आहे म्हणून ती आपोआप योग्य ठरते, असं मी म्हणणार नाही. सरकारचा रुपया हा शेवटी मामांसारख्यांनी साबण आणि डिझेल घेताना भरलेला रुपया आहे. पण एवढं मात्र कळतं की संस्कृतीचं खातं उद्या साफ बंद केलं, तरी त्या पैशात जतचं पाणी भागणार नाही.

जतचं पाणी अडलं ते कशानं? जतसाठी कृष्णेचं पाणी जिथून उचलतात ते म्हैसाळ खाली आहे आणि जत वर. पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं चढवावं लागतं. योजना बांधायला एकदा पैसा लागतो, आणि मग ती चालवायला दरवर्षी वीजबिल लागतं. बिल थकलं की पंप थांबतात. सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

सरकारी हिशेबात या दोन खर्चांना दोन नावं आहेत. एकदाच होणारा, काहीतरी उभं करणारा खर्च तो भांडवली. पगार, वीज, डागडुजी हा दर महिन्याचा खर्च महसुली. भांडवली खर्चाला भूमिपूजन असतं, फीत असते, कोनशिलेवर नावं असतात. महसुली खर्चाला यातलं काही नसतं, म्हणून कपात करायची वेळ आली की पहिला हात तिथंच पडतो.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. मी काम केलेलं एक नाट्यगृह मोठ्या थाटात नूतनीकरण होऊन उघडलं. नवे पडदे, नव्या खुर्च्या, चकचकीत फरशी. काही वर्षांत डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं, बंद पडले. वातानुकूलन बिघडलं ते बिघडलंच. दुरुस्तीला माणूस नेमलेला नाही आणि बल्ब आणायचा तरी फाईल फिरते. आम्ही नाटकाला जाताना स्पॉट आणि डिमर भाड्यानं घेऊन टेम्पोत घालून नेतो. कपडे बदलायच्या खोलीत नळाला पाणी नसतं म्हणून मुली घरूनच साडी नेसून, मेकअप करून येतात.

म्हणजे मामांचा थांबलेला पंप आणि माझा बंद पडलेला डिमर यांचं दुखणं एकच आहे. दोन्हीकडं बांधायला पैसा निघाला, चालवायला निघाला नाही. हे ध्यानात आलं तेव्हापासून पाणी आणि कला यांना एकमेकांसमोर उभं करणं मला पटेनासं झालं. दोन्हीचा घास पळवणारी सवय तिसरीच आहे.

दुसरा प्रश्न बाजाराचा. कला चांगली असेल तर लोक तिकीट काढतील, नसेल तर तिनं सरकारच्या दारात का उभं राहावं? हा प्रश्न सांगलीइतका दुसऱ्या कुठल्या गावानं अनुभवला नसेल.

१८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं आणि म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पैसा, जागा, माणसं, सगळं संस्थानचं. हा झाला राजाश्रय. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार संपला. भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केला. आठ-दहा वर्षांत मराठी नाटक राजाच्या मर्जीवरून प्रेक्षकाच्या खिशावर आलं.

या गोष्टीतून दोन धडे निघतात आणि ते एकमेकांना छेद देतात. राजानं पैसा घातला नसता तर पहिलं नाटक झालंच नसतं, कारण जे लोकांनी कधी पाहिलंच नाही त्याचं तिकीट कोण काढणार? आणि राजा गेल्यावर तिकिटानं हात दिला नसता तर ते नाटक सांगलीच्या वाड्यातच विरून गेलं असतं. सरकारनं कलेला कुठवर धरून ठेवायचं, याचं माझं मोजमाप इथूनच आलं आहे: पहिली पावलं टाकताना आणि जिथं तिकीट लावताच येत नाही तिथं.

तिकीट लावता येत नाही, म्हणजे काय? वाईच्या घाटावर संध्याकाळी उभं राहा. ढोल्या गणपतीचं देऊळ, पायऱ्या, कृष्णेचं पात्र. एसटीतून उतरलेला माणूस, धुणं धुणारी बाई, शाळेतून घरी निघालेली पोरं, सगळ्यांना ते दिसतं आणि एकानं पाहिलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. पाहण्याचे पैसे कुणाकडून घेणार आणि कसे? अर्थशास्त्रात अशा गोष्टीला सार्वजनिक वस्तू म्हणतात. रस्त्यावरचा दिवा तशातलाच. अशा गोष्टी बाजार बांधत नाही, कारण त्याला गल्ला कुठं ठेवायचा ते कळत नाही. घाटाची निसटलेली चिरेबंदी पुन्हा बसवायची तर ते गावाला मिळूनच करावं लागतं, आणि आज गावानं मिळून करणं म्हणजे बहुतेक वेळा सरकारनं करणं.

नाटक-गाण्याला तिकीट लागतं, तरी तिथं एक वेगळाच पेच आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी तो १९६० च्या दशकात नीट मांडला. मी तो मिरजेच्या भाषेत सांगतो.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली, ती कला आजही तिथं चालू आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळा येतो. तो वाळवायचा, कापायचा, त्यावर लाकडी दांडी बसवायची, कोरीवकाम करायचं, पॉलिश करायचं, तारा चढवायच्या आणि सगळ्यात शेवटी जवारी काढायची. जवारी म्हणजे तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग असा घासायचा की तार छेडल्यावर स्वर भरून घुमावा. त्याला माप नाही, कान लागतो. शंभर वर्षांपूर्वी जवारी काढायला जेवढा वेळ लागायचा, जवळपास तेवढाच आजही लागतो.

याच शंभर वर्षांत शेजारी काय झालं पाहा. नांगरटीला दोन दिवस लागायचे, ते ट्रॅक्टरनं दोन तासांवर आले. कारखान्यात एक माणूस पूर्वीच्या कितीतरी पट काम उरकतो, म्हणून त्याचा पगार वाढला तरी मालाची किंमत आवाक्यात राहते. तंबोऱ्याच्या कारागिरालाही बाजारातला गहू आजच्याच भावानं घ्यावा लागतो, पोराची फी आजचीच भरावी लागते. त्याची मजुरी वाढायलाच हवी. पण त्याचं काम लवकर होत नाही. मग तंबोरा महाग होतो, नाहीतर पोरगं गल्ली सोडून एमआयडीसीत कामाला जातं. गाण्याचंही तेच. तासाभराचा ख्याल वीस मिनिटांत गाऊन वेळ वाचवला, असं कुणी म्हणत नाही. बॉमोल यांनी दाखवलं की अशा कामांचा खर्च बाकीच्या वस्तूंच्या मानानं वाढतच जातो आणि त्यात कुणाचा आळस नसतो. शिक्षक आणि परिचारिका यांचं कामही याच जातीचं आहे. शाळा आणि दवाखाना आपण फक्त फीवर सोडत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहे, कारण दुसरीकडचं वाद्य 'मिरजेचं' म्हणून खपवता येणार नाही. पण मानांकनानं नावाचं रक्षण होतं, हाताचं होत नाही. जवारी काढायला शिकणाऱ्या पोराला दोन-तीन वर्षं पोटापुरतं विद्यावेतन मिळालं तर तो तिथं टिकेल. माझ्या मते सरकारी पैशाचा याहून चांगला उपयोग शोधूनही सापडायचा नाही.

कर न घेणं हीसुद्धा मदतच असते, ती दिसत नाही इतकंच. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. सरकार तिथं येऊ शकणारा पैसा सोडून देतं. हाही करदात्यानं उचललेला भारच.

आता सगळ्यात अवघड भाग. सरकारचा पैसा कुणाच्या कलेला? इथं मामांची बाजू मला माझ्या बाजूपेक्षा भक्कम वाटते. तमाशाचे शाहीर पट्ठे बापूराव आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. तमाशाचा फड यात्रेच्या हंगामात ट्रकमधून हिंडतो, तंबू ठोकतो, सुपारीवर आणि तिकिटावर जगतो. त्याच काळात शहरात वातानुकूलित नाट्यगृह सवलतीच्या भाड्यानं मिळतं, आणि तिथं येणारा प्रेक्षक बराचसा पगारदार असतो. कर मात्र दोघांच्या प्रेक्षकांनी भरलेला. ज्याला अर्ज लिहिता येतो, ठराव जोडता येतो, मंत्रालयात कुणी ओळखीचं असतं, त्याच्याकडं अनुदान वाहत जातं. मी स्वतः असा अर्ज लिहिणाऱ्यांतला आहे, आणि हे मला लिहायलाच हवं होतं.

शिवाय पैसा देणारा चव ठरवू लागतो. राजाला पौराणिक आवडलं म्हणून पौराणिक झालं. उद्या मंत्र्यांना जे आवडेल तेच रंगमंचावर यायचं का? यावर ब्रिटननं एक तोडगा काढला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, देश कर्जात, जुलै १९४६ मध्ये तिथं पावावर रेशन लागलं. आणि त्याच वर्षी तिथं आर्ट्स कौन्सिलची स्थापना झाली. अर्थतज्ज्ञ केन्स यांचा त्यामागं मोठा हात होता. रचना अशी की पैसा सरकार देईल, पण तो कुणाला द्यायचा हे जाणकारांची स्वतंत्र समिती ठरवेल. पावाला रेशन असलेल्या देशानं हे केलं, ही गोष्ट मी मामांना मुद्दाम सांगितली. आपल्याकडं संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये आणि साहित्य अकादमी १९५४ मध्ये याच विचारानं स्थापन झाल्या. सरकार आणि समिती यांच्यातलं अंतर आपण किती राखलं, याबद्दल मला काळजी वाटते. पण अंतर राखायला हवं हे तत्त्व मला पटतं.

महाराष्ट्रातलं याचं सर्वात चांगलं उदाहरण तर आमच्याच भागातलं. १९६० मध्ये राज्य झालं, कराडचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. सातारा जिल्ह्यात कोयनेचं धरण उभं राहत होतं. त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचं काम वाईतून सुरू झालं. पहिला खंड यायला १९७६ साल उजाडलं. कुठला प्रकाशक इतकी वर्षं थांबला असता? आज जतमधल्या मुलीला तो विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. धरण आणि विश्वकोश, दोन्हीची कामं एकाच सरकारच्या हाताखाली, एकाच जिल्ह्यात, एकाच काळात चालली. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही.

त्याआधीचं औंधही आठवतं. खटाव तालुका दुष्काळी, संस्थान चिमुकलं. पण औंधकरांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घडू लागले. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर भवानी संग्रहालय बांधलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. खटावच्या माळावरची शाळकरी मुलं सहलीला येऊन ते शिल्प हाताच्या अंतरावरून पाहतात. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, याच राजानं संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. संग्रहालय कुणी मत देऊन मागितलं नव्हतं, ती एका माणसाची आवड होती, हे खरं. पण त्यानं ते आपल्या वाड्यात न ठेवता सगळ्यांसाठी उघडं ठेवलं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. सरकारचा पैसा ज्याच्यापर्यंत कला एरवी पोचणारच नाही त्याच्यापर्यंत जातोय का? शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा, गावातलं 'ड' वर्गाचं का होईना पण चालू असलेलं वाचनालय, राज्य नाट्यस्पर्धा, म्हाताऱ्या कलावंताचं मानधन, पडका घाट. एका रात्रीच्या महोत्सवाला, त्याच्या कमानींना आणि पाहुण्यांच्या सत्काराला पैसा देण्याआधी यांचा नंबर लागला पाहिजे.

मामांना मी शेवटी एक कागद दाखवला, आणि तो बघून ते जरा थांबले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला बारावं परिशिष्ट जोडलं. नगरपालिकांकडं सोपवायच्या अठरा विषयांची ती यादी आहे. त्यात पाचवा विषय पाणीपुरवठा, सहावा आरोग्य आणि स्वच्छता. तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचं संवर्धन. चौदावा स्मशानभूमी. ग्रामपंचायतींसाठी अकरावं परिशिष्ट आहे, त्यातल्या एकोणतीस विषयांत सांस्कृतिक कार्य एकविसावं. पाण्याच्या यादीतच सौंदर्य लिहून ठेवलंय, वेगळ्या पानावर नाही.

आणि पाण्याचे पैसे नाटकाला पळवले जाऊ नयेत म्हणून कुंपणही आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला साठ टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला चाळीस टक्के अबंधित. तो त्या एकोणतीस विषयांपैकी गावाला जे गरजेचं वाटेल त्यावर खर्चता येत होता, पगार आणि आस्थापना सोडून. पहिली साठ टक्क्यांची वाटणी पाण्याच्या बाजूनं आधीच झालेली होती. वाद असला तर तो पुढच्या चाळीसचा, आणि त्यातही रस्ते, दिवे, शाळेची खोली, सगळे रांगेत होते.

मामांचा थोरला मुलगा ग्रामपंचायतीत सदस्य आहे. त्यांच्या गावच्या यात्रेत दरवर्षी तमाशा येतो. देवळासमोर सिमेंटचा एक उघडा कट्टा आहे, त्यावर खेळ होतो. छप्पर नाही, आणि फडातल्या बायकांना कपडे बदलायला ट्रकच्या मागं कनात धरावी लागते. अबंधित निधीतून कट्ट्यावर छप्पर आणि मागं दाराची, नळाची एक खोली असं करता येईल का ते ग्रामसभेत मांडा, असं मी त्यांना सांगून आलो होतो. मामा तेव्हा काहीच बोलले नाहीत.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला.

"पोरानं विषय घेतलाय ग्रामसभेत. पत्रा घालायचा का स्लॅब, ते इंजिनेर सांगंल. तू मला येवढंच सांग, त्या खोलीच्या लायटीचं बिल दर महिन्याला कुणाच्या नावावर फाडायचं? ते आधी लिवून घ्याया पायजे."

मी म्हटलं, "मामा, ठरावात पहिलं कलम तेच घाला."